चिनी युद्धकलेतील शस्त्राभ्यास : सुरुवात काठीपासून का आणि कशी

पारंपरिक चिनी युद्धकलांच्या शिक्षणात शस्त्राला जे स्थान आहे, ते आजच्या भारतीय शिकणाऱ्याला सहसा उलट्या क्रमाने कळते. आधी मुठी आणि लाथा, मग काही वर्षे टिकून राहिले तर 'हत्यार', अशी त्याची समजूत असते, आणि त्यामुळे शस्त्र म्हणजे स्नेहसंमेलनात टाळ्या मिळवून देणारी वरकड गोष्ट, असे त्याच्या मनात ठरून जाते. इतिहासातला क्रम मात्र वेगळा आहे. मिंग राजवटीतील सेनापती चि जीग्वांग (1528–1588) याने किनाऱ्यावर धाडी घालणाऱ्या चाच्यांशी लढण्यासाठी जे सैनिक उभे केले, त्यांच्या शिक्षणाकरिता 1560 च्या सुमारास 'जीश्याओ शिनशू' हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात भाला, ढाल, काठी यांच्या जोडीला रिकाम्या हाताच्या 32 पवित्र्यांचेही एक प्रकरण आहे, पण तेथे तो स्वच्छ सांगतो की रणांगणावर या मुष्टिविद्येचा थेट उपयोग फारसा नाही, हातापायांना वळण लागावे आणि नवशिक्याने शस्त्राच्या उंबरठ्यापर्यंत यावे एवढ्यासाठी ती आहे. ज्या शाओलिन मठाचे नाव आज हवेतल्या लाथांशी जोडले जाते, त्या मठाची ख्याती त्या काळात होती ती काठीसाठी, आणि 1553 मध्ये चाच्यांविरुद्ध उतरलेल्या भिक्षूंनी हाती घेतली होती तीही काठीच.

मग ज्या काळात कोणी भाला घेऊन लढायला जात नाही, त्या काळात शस्त्राभ्यासाचे मोल काय उरते, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर परंपरेच्या अभिमानात शोधण्यापेक्षा शरीराच्या हिशेबात शोधावे. सहा फुटी, 800 ग्रॅम वजनाची काठी अगदी टोकाला एका हाताने धरून आडवी केली, तर तिचे वजन हातापासून 3 फुटांवर एकवटल्यासारखे होते आणि मनगटावर पडणारा पीळ 1 फुटावर टांगलेल्या सुमारे 2.4 किलो वजनाइतका भरतो. हा भार मनगट एकट्याने फार वेळ पेलू शकत नाही. तो कोपर, खांदा, पाठ, कंबर अशी वाट काढत टाचेपर्यंत पोहोचला तरच काठी स्थिर राहते, आणि चिनी आचार्य ज्याला 'संपूर्ण अंगाचे बळ' म्हणतात ते नेमके हेच. रिकाम्या हाताने ठोसा मारताना कंबर आळशी राहिली तरी ठोसा दिसायला ठीक दिसतो. काठीच्या बाबतीत ही सवलत नाही, कारण मागचा हात एका अंशाने चुकला तर सहा फुटांवरचे टोक सुमारे 3 सेंटिमीटरने सरकते आणि पाच अंशांनी चुकला तर सुमारे 16 सेंटिमीटरने, म्हणजे जी चूक मुठीत लपून राहते ती शेंड्याला सर्वांसमक्ष डोलताना दिसते.

दुसरा लाभ अंतराच्या जाणिवेचा. निःशस्त्र सरावात दोघे हाताच्या अंतरावर उभे असतात आणि तेवढेच अंतर अंगवळणी पडते. काठीसमोर उभा राहिलेला मनुष्य मात्र पहिल्यांदाच दोन पावले मागे सरकायला शिकतो, समोरच्याचा खांदा हलण्याआधी पाऊल उचलायला शिकतो, आणि पुन्हा रिकाम्या हाताकडे परतल्यावर त्याची पायगत बदललेली असते. तिसरी गोष्ट परंपरांच्या जडणघडणीची आहे. शिंगयी या शैलीविषयी परंपरा सांगते की भाल्यात निष्णात असलेल्या जी जीके याने भाल्याच्या हालचाली मुठीत उतरवून ती घडवली. तिचा सरळ, मध्यरेषा न सोडणारा घाव पाहिला की ही परंपरा पटण्यासारखी वाटते. दक्षिण चीनमधील विंग चुन या शैलीत लांब काठी आणि जोडसुऱ्या अशी दोनच शस्त्रे ठेवलेली आहेत, पण काठीसाठी उभे राहण्याची बैठक हातांच्या बैठकीहून रुंद आणि खोल असल्याने पायांना जे काम पडते ते बाकीच्या अभ्यासक्रमात पडत नाही. अशा शैली शिकताना शस्त्र वगळणे म्हणजे व्याकरण पाठ करून भाषा न बोलण्यासारखे आहे.

चिनी परंपरा चार शस्त्रांना पायाभूत मानते. 'गुन' म्हणजे काठी, 'दाओ' म्हणजे एका बाजूने धार असलेली, किंचित वाकलेली आखूड तलवार, 'छियांग' म्हणजे भाला आणि 'जियान' म्हणजे दोन्ही बाजूंनी धार असलेली सरळ, हलकी तलवार. काठीला महिना, दाओला वर्ष आणि भाल्याला आयुष्य द्यावे लागते, अशा अर्थाची म्हण तिकडच्या आखाड्यांत चालते; महिन्यात काठी येते हे अर्थात कोणी शब्दशः घेऊ नये, पण क्रम खरा आहे, आणि तो पाळल्यास खर्चही वाचतो, कारण पहिल्या वर्षात विकत घ्यावी लागते ती एक काठी, तलवारींचा संच नव्हे.

भोपाळपासून वीस-पंचवीस किलोमीटरवरील मंडीदीपसारख्या औद्योगिक नगरात, जेथे कारखान्यांच्या निमित्ताने स्थिरावलेली मराठी कुटुंबे आहेत आणि घरातली तरुण मुले संध्याकाळी एखाद्या वर्गाला जाऊ इच्छितात, तेथे हा विषय परका मानण्याचे कारण नाही. मराठी मर्दानी खेळांत सरावाच्या शस्त्राचा विचार फार पूर्वीपासून झालेला आहे : फरी-गदगा म्हणजे लहान ढाल आणि चामड्याने मढवलेली छडी, जिच्यावर ढाल-तलवारीचे हात बसवले जात, बोथाटी म्हणजे नावाप्रमाणेच बोथट टोकाचा भाला. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादित केलेल्या 'व्यायाम ज्ञानकोशा'च्या दहा खंडांत या सर्वांची मांडणी मराठीत उपलब्ध आहे, आणि चिनी वर्गात जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने ग्रंथालयात बसून ती एकदा चाळावी, कारण वार, बचाव, पवित्रा, पलटा, हूल या शब्दांनी त्याला चिनी हालचाली स्वतःच्या भाषेत टिपून ठेवता येतील. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या निमित्ताने अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली आणि त्याच वर्षी, त्याच शहरात चीनच्या युद्धकला पथकानेही आपली विद्या जगापुढे मांडली. दोन्ही देशांच्या व्यायामपरंपरा तेव्हा एकाच धडपडीत होत्या, वसाहतवादी जगात आपल्या देहविद्येला आधुनिक व्यायामाची प्रतिष्ठा मिळवून देण्याच्या.

साम्याबरोबर भेदही लक्षात ठेवावा. 2024 मध्ये महाराष्ट्राने राज्यशस्त्र म्हणून ज्याला मान दिला त्या दांडपट्ट्यात खोबळ्यात, म्हणजे मुठीवरच्या धातूच्या आवरणात, शिरलेले मनगट जखडलेले असते, त्यामुळे पात्याची सारी फिरत खांदा आणि कंबरेतून यावी लागते; चिनी दाओमध्ये मनगट मोकळे असते आणि पात्याची बोथट पाठ डोक्याभोवती, पाठीलगत गुंडाळत नेण्याची एक खास हालचाल असते, जिच्यामुळे तलवार अंगाभोवती फिरत असतानाही धार नेहमी बाहेर राहते. मोकळ्या मनगटाचा मोह असा की नवशिका केवळ मनगटाने तलवार गरगरा फिरवू लागतो. पट्टा खेळलेल्या मनुष्याकडून ही चूक सहसा होत नाही. इंदूरला अनंत चतुर्दशीच्या झाँकी मिरवणुकीत आखाडे जी शस्त्रकला दाखवतात ती मंडीदीपच्या अभ्यासकाने एकदा शेजारी उभे राहून पाहावी, आणि नजर हत्याराऐवजी खेळणाऱ्याच्या पायांवर ठेवावी.

काठीची निवड हा पहिला व्यावहारिक प्रश्न. चीनमध्ये 'पांढऱ्या मेणाचे लाकूड' या नावाने ओळखली जाणारी ॲशवर्गीय काठी वापरतात. ती बुडख्याला जाड, शेंड्याला बारीक आणि इतकी लवचिक असते की झटका दिल्यावर टोक थरथरते. ती मागवण्याच्या भानगडीत सुरुवातीला पडू नये. मध्य भारतातला भरीव बांबू किंवा जाड वेत पहिल्या दोन वर्षांना पुरेसा आहे, मात्र पोकळ बांबू टाळावा, कारण तो जोडीच्या सरावात उभा चिरतो आणि चिरलेल्या बांबूची कड पात्याइतकीच कापते. लांबी ठरवताना पारंपरिक माप भुवईच्या उंचीचे आहे, तर वूशूच्या, म्हणजे चिनी युद्धकलांच्या आधुनिक क्रीडारूपाच्या, स्पर्धेत काठी खेळाडूच्या उंचीपेक्षा आखूड चालत नाही. भाला उभ्या खेळाडूने वर ताणलेल्या हाताच्या मधल्या बोटापर्यंत तरी पोहोचावा लागतो, आणि दाओ किंवा जियान खाली सोडलेल्या डाव्या हातात उभी धरली असता टोक कानाच्या वरच्या कडेखाली राहू नये असा दंडक आहे. ही मापे लक्षात ठेवली की दुकानदार किंवा ऑनलाइन विक्रेता गळ्यात मारील ते घेण्याची वेळ येत नाही. मधोमध फिरकीने जोडण्याची दोन तुकड्यांची काठी मोटरसायकलवरून नेण्यास सोयीची असली तरी ती एकट्याच्या सरावापुरतीच ठेवावी, कारण काठीवर काठी आपटली की पहिला जोर जोडावर येतो. चकचकीत, पत्र्यासारखी पातळ, हलवताच खणखणणारी तलवार ही प्रदर्शनाची वस्तू आहे. तिला वजन नसल्याने ती शरीराला काही शिकवत नाही, आणि लाकडी दाओ तिच्याहून स्वस्त असूनही सरावाला दसपट बरी.

प्रत्यक्ष सरावात पहिले काही आठवडे एकच गोष्ट करावी, ती म्हणजे भाल्याची मूळ त्रयी काठीवर बसवणे. उजव्या हाताने खेळणाऱ्याने डावा पाय आणि डावा हात पुढे ठेवावा. मागच्या, म्हणजे उजव्या हातात बुडखा असा धरावा की त्याचे टोक तळव्याच्या मागे बाहेर डोकावणार नाही, आणि हा हात कमरेच्या हाडाला टेकलेला असावा. पुढचा हात काठी आवळत नाही, तो फक्त नळीसारखा असतो, जिच्यातून काठी सरकते. 'लान' या पहिल्या हालचालीत शेंडा डावीकडे अर्धवर्तुळ काढत समोरचे शस्त्र बाहेर सारतो, 'ना' या दुसऱ्या हालचालीत तो उलट दिशेने फिरून ते खाली दाबतो, आणि 'झा' म्हणजे भोसकणे, ज्यात मागची टाच जमीन ढकलते, कंबर वळते आणि मागचा हात पुढच्या हाताला भेटेपर्यंत काठी नळीतून धावते. ही अर्धवर्तुळे सुरुवातीला परातीएवढी निघतात. ती ताटलीएवढी आणि मग वाटीएवढी होणे यालाच प्रगती म्हणायचे, कारण मोठे वर्तुळ म्हणजे शत्रूला दिलेला वेळ. वर्तुळ लहान करण्याची युक्ती पुढच्या हातात नाही. ती मागच्या मनगटाच्या पिळात आणि कमरेच्या सूक्ष्म वळणात आहे, हे कळायला काहींना महिने लागतात.

अचूकतेसाठी काचेऐवजी प्लास्टिकची किंवा धातूची बांगडी दोऱ्याने छातीच्या उंचीवर टांगावी आणि भोसकताना काठीचा शेंडा तिच्या कडेला न लागता आत जाऊन परत यावा असा प्रयत्न करावा. सहा सेंटिमीटर व्यासाची बांगडी आणि अडीच सेंटिमीटर जाडीचा शेंडा, म्हणजे प्रत्येक बाजूला दोन सेंटिमीटरही सूट उरत नाही. दहापैकी चार वेळा जमले तरी पहिल्या दोन महिन्यांत समाधान मानावे. बांगडी वाऱ्याने हलत असेल तर उत्तमच. रोज 15 ते 20 मिनिटे एवढा वेळ पुरतो, आणि तो वाढवण्याची घाई करू नये, कारण कोपराच्या बाहेरच्या स्नायुबंधांवर पडणारा ताण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जाणवू लागतो. पकड आवळून धरणाऱ्याला तो आधी जाणवतो. फोड अंगठ्याच्या मुळाशी येत असतील तर पुढचा हात नळी झालेला नाही, असे खुशाल समजावे. दोन्ही बाजूंनी सराव करावा की नाही यावर चिनी गुरूंत मतभेद आहेत. आरोग्यासाठी शिकणाऱ्याने मात्र डावीकडेही निम्मा सराव करावा, अन्यथा एक खांदा दुसऱ्याहून खाली उतरण्याची शक्यता असते.

जोडीचा सराव तिसऱ्या-चौथ्या महिन्याआधी नको. तो सुरू करताना एक जण फक्त भोसकेल आणि दुसरा फक्त लान किंवा ना करील, एवढेच ठरवून घ्यावे, डोळ्यांना कारखान्यात वापरतात तसला संरक्षक चष्मा असावा, आणि शेंड्याला कापडाचा घट्ट गोळा बांधून तो गेरूत बुडवावा, म्हणजे सदऱ्यावर उमटलेला डाग पाहून वाद आपोआप मिटतो. रात्रपाळी करून आलेल्याने त्या सकाळी जोडीच्या सरावात उतरू नये, एकट्याने हळू वर्तुळे काढावीत. मंडीदीपमध्ये तीन पाळ्यांत काम करणारे अनेक जण असल्याने ही सूचना किरकोळ वाटली तरी महत्त्वाची आहे, कारण झोप न झालेल्या डोळ्याला अंतर चुकीचे दिसते. कंपनी वसाहतींतल्या घरांत छत आणि पंखा यांच्यामुळे काठी उभी फिरवता येत नाही. तेथे केवळ भोसकण्याचा सराव दारापासून भिंतीपर्यंतच्या लांबीत करता येतो, बाकी सर्व मैदानातच, आणि मे महिन्यात सूर्य वर येण्याआधीच.

दाओ दुसऱ्या वर्षी घ्यावी. भाला हा वस्तुतः काठीचाच पुढचा वर्ग असल्याने तो वेगळा सुरू करण्याची गरज नसते, लांबी वाढवत नेली की झाले. जियान मात्र सर्वांत शेवटी, मनगटात नाजूकपणा आणि पायात ठामपणा एकत्र नांदू लागल्यावर. ताइजी ही संथ हालचालींची चिनी शैली शिकणाऱ्या ज्येष्ठांना लाकडी जियान लवकर दिली जाते ती लढाईसाठी नव्हे, तर तिच्या टोकाकडे पाहत फिरल्याने तोल आणि मान दोन्ही सुधारतात म्हणून, आणि तेवढ्यापुरते ते योग्यच आहे.

गुरू निवडताना भारतातील वूशूचे चित्र माहीत असावे. आधुनिक वूशूत 'सांदा' म्हणजे प्रत्यक्ष झुंज आणि 'ताओलू' म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका असे दोन भाग आहेत, आणि शस्त्रे ताओलूतच येतात. 2017 मध्ये कझान येथील जागतिक स्पर्धेत पूजा कादियानने मिळवलेले सुवर्ण आणि 2023 मध्ये हांगचौ येथील आशियाई स्पर्धेत रोशिबिना देवीने मिळवलेले रौप्य ही दोन्ही पदके सांदाची, त्यामुळे पालकांचा आणि प्रशिक्षकांचाही ओढा तिकडे असणे स्वाभाविक आहे. भोपाळच्या तात्या टोपे स्टेडियममधील राज्य शासनाच्या मार्शल आर्ट्स अकादमीत वूशूचा समावेश आहे, पण ती निवडक खेळाडूंसाठीची व्यवस्था आहे. खासगी वर्गात प्रवेश घेण्यापूर्वी गुरूंना एकच विनंती करावी, भाल्याची ती त्रयी संथ गतीने दहा वेळा करून दाखवण्याची. वेगात सर्वांचेच चांगले दिसते. संथ गतीत मागचा हात कमरेला चिकटून राहतो की नाही आणि दहावे वर्तुळ पहिल्याएवढेच लहान आहे की नाही, हे नवख्या पालकालाही दिसते. जे गुरू पहिल्याच महिन्यात धातूची तलवार विकत घ्यायला लावतात, त्यांच्याकडे मुलाला पाठवण्याआधी दोनदा विचार करावा.

कायद्याच्या बाबतीत गाफील राहू नये. शस्त्र अधिनियम 1959 खालील 2016 च्या नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याची तलवार, भाला, खंजीर अशी धारदार हत्यारे शस्त्रांच्या वर्गवारीत येतात, राज्यांच्या अधिसूचना याहून कडक असू शकतात, आणि सणासुदीला किंवा निवडणुकीच्या काळात जिल्हा प्रशासन हत्यारे बाळगण्यावर वेगळी बंदी घालते. मंडीदीप रायसेन जिल्ह्यात, तर अकादमी आणि मोठी मैदाने भोपाळ जिल्ह्यात, त्यामुळे ये-जा करताना दोन्हीकडचे आदेश लागू होऊ शकतात. सरावाला धार लागत नाही. म्हणून लाकडी किंवा पूर्ण बोथट शस्त्रच वापरावे, भाल्याला लोखंडी फाळ न लावता तो काठी म्हणूनच न्यावा, प्रात्यक्षिकापूर्वी आयोजकाने स्थानिक ठाण्यात लेखी कळवावे, आणि वर्गाचे ओळखपत्र जवळ असावे. मोटरसायकलवर काठी आडवी धरून जाणे हा कायद्यापेक्षा रस्त्यावरचा धोका मोठा आहे, विशेषतः अवजड ट्रकांची वर्दळ असलेल्या नर्मदापुरम मार्गावर. ती उभी बांधता येत नसेल तर मैदानाजवळच्या ओळखीच्या घरी ठेवून यावी.

काठीची निगा सोपी आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी आणि दिवाळीनंतर, अशी वर्षातून दोनदा तिला जवसाचे तेल पाजावे, तेल मुरल्यावर कोरड्या फडक्याने पुसावे, आणि प्रत्येक सरावाआधी तळहात बुडख्यापासून शेंड्यापर्यंत सावकाश फिरवून चीर किंवा कुसळ लागते का ते पाहावे. भिंतीला तिरकी टेकून ठेवलेली काठी काही आठवड्यांत त्याच बाजूला वाकते. ती दोन खुंट्यांवर आडवी ठेवावी, किंवा जागा नसेल तर पलंगाखाली सपाट जमिनीवर.